मिसेससाठी साधं चालेल

नाही, नाही, असं उभं राहून नाही कळत साहेब. आरशासमोर ताठ उभं राहिलं की कुठलंही जॅकेट छानच दिसतं, पोट आत ओढलं तर मीसुद्धा बरा दिसतो. वाका. सायकलचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करा—करा हो, लाजताय काय, दुकानात आपण दोघंच आहोत आणि गिऱ्हाइकापुढे मी रोज वाकतो. हां. आता मागे हात लावून बघा. कंबर उघडी पडली की नाही? चार बोटं मोकळी. आणि बाही गेली कोपराकडे. हे जॅकेट मोटारसायकलवाल्याचं आहे, तो खुर्चीत बसल्यासारखा बसतो. आपलं तसं नाही, आपण वाकून बसणार, मागच्या चाकाचा चिखल थेट कमरेत येणार. सायकलवाल्याला मागून लांब पाहिजे आणि बाही अंगठ्याच्या मुळापर्यंत. काढा ते. तुम्हाला शोभतंय, पण काढा.

हे? हे जाड आहे, बरोबर. थेंब आत येणार नाही म्हणताय—नाहीच येणार, पैजेवर सांगतो. पण साहेब, आत येणार नाही ते ठीक, बाहेर काय जाणार? हा प्रश्न कोणी विचारतच नाही. गंगापूर धरणापर्यंत गेलात तरी तुमच्या अंगातून तांब्याभर पाणी निघतं, ते कुठे जाईल? थांबा, दाखवतोच. हा माझा चहा. गरम आहे अजून, वाफ दिसते ना? त्यावर ह्या जाड जॅकेटची बाही ताणून धरतो—अशी—आणि वर माझा चष्मा. बघा. काच स्वच्छ, म्हणजे वाफ खालीच कोंडली. आता हे दुसरं, पातळ, ज्याला तुम्ही मघाशी नाक मुरडलंत. बघा, बघा काच. धुरकटली ना? ह्याच्यावर पाणी ओतलं तर मोती होऊन घरंगळतं आणि आतली वाफ मात्र बाहेर जाते. मी सातपूरला बावीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो, छापलेल्या कागदावर माझा विश्वास नाही, मोजून बघितल्याशिवाय मी बायकोनं सांगितलेली वेळही खरी मानत नाही. चहा गेला वाया, जाऊ द्या. रोज एक जातो.

कंपनीनं शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं तेव्हा सगळ्यांनी सल्ले दिले—झेरॉक्स टाक, पिठाची गिरणी टाक. आपण आणल्या गियरच्या सायकली. पहिलं वर्षभर लोक आत यायचे आणि विचारायचे, जागेवर फिरवायची, व्यायामाची आहे का हो? मग हळूहळू ग्रुप जमला, रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला जायला लागलो. ग्रुपमध्ये मला गुरुजी म्हणतात. मान म्हणून म्हणतात असं मला दोन वर्षं वाटत होतं. चढावर मला दम लागतो, दम लागला की मी थांबतो, आणि नुसतं थांबलेलं बरं दिसत नाही म्हणून सगळ्यांना थांबवून काहीतरी शिकवतो, त्यावरून ते नाव पडलंय.

आणि हे श्वास घेणाऱ्या कापडाचं जे सांगतोय ना, ते मी कुठल्या पुस्तकात नाही शिकलो. कोथिंबिरीकडून शिकलो. हसू नका. माझी सासुरवाडी मखमलाबादची, भाजीपाला करणारी माणसं. सासरे खंडेराव, आम्ही आबा म्हणायचो, त्यांची कोथिंबीर-मेथी भल्या सकाळी मार्केटला जायची. लग्न सत्त्याऐंशीचं, पहिल्याच श्रावणात मी तिकडे मुक्कामाला, नवा जावई, काहीतरी करून दाखवायची हौस. जुड्या बांधून ओट्यावर रचलेल्या, त्यावर ओलं गोणपाट, आणि पाऊस आला. मी म्हटलं, ही अडाणी माणसं, माल भिजवतायत. उठलो, गोणपाट काढलं, कंपनीतून आणलेला जाड प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी गच्च बांधला, फिटरच्या गाठी मारल्या आणि समाधानानं झोपलो. सकाळी कागद उघडला तर आतून भट्टीसारखी वाफ. सगळी कोथिंबीर पिवळी, चिकट, हातात घेतली की लगदा. एक थेंब पावसाचं पाणी आत गेलं नव्हतं साहेब. आबा रागावले नाहीत, जावई ना मी. नुसतं म्हणाले, "कुंदनराव, हिरव्या पाल्याला श्वास लागतो. भिजली तर वाळंल, कोंडली की सडली." सासूबाई मात्र गावभर सांगत सुटल्या—जावयानं कोथिंबीर उकडली. आजही मखमलाबादला गेलो की कोणीतरी विचारतं, पाहुणे, वड्या कधी?

तर तुम्ही हे पातळ घ्या. काखेत बघा चेन आहे, चढ आला की उघडायची, उताराला लावायची. शिवणीवर आतून पट्टी मारलेली आहे, नाहीतर पाणी सुईच्या भोकातून येतं. अंगाला लागून बसलं पाहिजे, फुगलं तर वारा मागे ओढतो. तुम्हाला हे बरोबर बसतंय. घ्या.

दोन? अजून एक कशाला? अच्छा, मिसेससाठी. त्याही येतात का? चांगलं आहे. 

साधं चालेल म्हणताय.

नाही, आहे ना. साधं आहे. हे वरचं, लाल. आतून प्लास्टिकचा थर आहे, दिसायला झकास. हो, बरोबर आहे तुमचं, त्या जवळपासच चालवतात, त्यांना कुठे घाट चढायचाय. असंच एक मी घरी पण दिलं होतं. प्रतिभाला, म्हणजे माझ्या मिसेसना. हाच रंग. कसं वाटलं म्हणजे, छान वाटलं. एकदाच घातलं तिनं.

ती चालवते ना. चालवते म्हणजे—आता काय सांगू. गियर कसे बदलायचे ते मी शिकवलं तिला, ह्याच दुकानासमोर, चार लोकांत, मोठ्यानं, "प्रतिभा, पायाकडे बघू नकोस." पंधरा दिवसांत ती माझ्या पुढे. आधी मला कळेचना. मग आठवलं, ही बाई दहा वर्षांची असल्यापासून आबांची मोठी काळी सायकल चालवतेय, सीटवर पाय पुरत नाहीत म्हणून नळीखालून पाय घालून, मागे कॅरिअरला मेथीचं ओझं, मखमलाबादहून पंचवटीपर्यंत. आणि मी कंपनीच्या बसनं जाणारा. बावीस वर्षं बसनं. हे ग्रुपमध्ये कोणाला माहीत नाही, तुम्हीही सांगू नका.

मग मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही पेठ रोडला गेलो. जाताना उतार, येताना सावळघाटाचा चढ. झिमझिम पाऊस. तिच्या अंगात हे लाल. निम्म्यात आली आणि थांबायला लागली, एकदा, दोनदा, चार वेळा. आतून सगळी घामानं चिंब, बाहेर पाऊस, आत पाऊस. वर आली तेव्हा घाटमाथ्यावरचा वारा लागला आणि तिचे दात वाजायला लागले. घरी येऊन अंथरूण धरलं, आठ दिवस ताप. चूक झाली हो. तेव्हा मला कापडातलं काय कळत होतं, नवीन धंदा, कोणतं कोंडतं, कोणतं श्वास घेतं, कुठे माहीत होतं. चुकून दिलं गेलं.

काय?

कोथिंबीर. हो, ती आधीची. सत्त्याऐंशी. हो, म्हणजे वीस वर्षं आधीची, हिशेब बरोबर आहे तुमचा. तुम्ही बँकेत आहात का? नाही, सहज विचारलं.

बसा जरा. ते स्टूल घ्या.

माहीत होतं मला. हातात घेतलं तेव्हाच कळलं होतं, आत हात घातला आणि मिनिटात तळवा ओला झाला. आता अर्धं सांगून झालंय तर उरलेलं पण ऐका. पेठ रोडच्या आधीच्या रविवारी आम्ही अंजनेरीला गेलो होतो. मी चढावर पोचलो तर ही वरती दगडावर बसून पेरू खातेय, अर्धा पेरू संपवलेला, आणि ग्रुपमधला एक जण म्हणाला, गुरुजी, आता ह्यांनाच गुरुजी म्हणायला पाहिजे. सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यात जास्त हसलो. प्रतिभानं उरलेला पेरू माझ्यापुढे धरला, मीठ लावून. मी म्हटलं, मला नको, दात आंबतात. पेरूनं कोणाचे दात आंबतात का साहेब? त्याच आठवड्यात नमुन्याची दोन जॅकेटं आली, एक हे पातळ, चांगलं, आणि एक लाल. पातळ जे होतं ते तिच्या मापाचं होतं, मला पोटावर चेन लागत नव्हती. तरी मी ते घेतलं. श्वास आत ओढून घातलं, जॅकेट श्वास घेणारं आणि आत मी श्वास रोखलेला. तिला म्हटलं, तुला लाल घे, तुला लाल खुलतं, आणि हे जास्त उबदार आहे, खास तुझ्यासाठी मागवलं. तिनं विचारलंसुद्धा, आत हवा लागते ना हो? मी म्हटलं, दुकान कोणाचं आहे?

आणि सावळघाटात मी पहिला वर पोचलो. पोटावरची चेन उघडी टाकून, पण पहिला. वर उभा राहून खाली बघत होतो, एक एक वळण, लाल ठिपका थांबतोय, परत निघतोय. खरं सांगू का, इतकं बरं वाटलं मला. तुमच्यासारख्या अनोळखी माणसाला सांगायला लाज वाटते, पण इतकं बरं मला निवृत्तीनंतर कधी वाटलं नव्हतं. आणि ती वर आल्यावर, ओठ पांढरे पडलेले, मी सगळ्यांसमोर काय बोलावं? म्हटलं, सराव पाहिजे प्रतिभा, दम कमी पडतोय तुझा.

तापातून उठल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं ते जॅकेट धुवायला काढलं. उलटं केलं, दोरीवर टाकलं, आतल्या प्लास्टिकवरून हात फिरवला. मी तिथेच पेपर वाचत होतो, म्हणजे समोर धरून बसलो होतो. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडण येतं, मी युनियनमध्ये होतो. पण तिनं आवाजही चढवला नाही. म्हणाली, "आबांनी सांगितलं होतं तुम्हाला." एवढंच. आणि आत जाऊन कुकर लावला.

घरी सगळं ठीक आहे हो. तसलं काही नाही. डबा देते, सिलेंडरचा नंबर लावलात का विचारते, परवा माझ्या गुडघ्याला तेलही चोळून दिलं. फक्त सायकलवर बसली की मी कोणी नाही. रविवारी ग्रुपबरोबर येत नाही, एकटी जाते, माहेरी, धरणावर, एकदा तर सटाण्याला मावशीकडे जाऊन आली, मला दुपारी तिथून फोन, जेवून घ्या म्हणून. चांगलं जॅकेट मी दुसऱ्याच दिवशी तिच्या खुंटीला अडकवलं, अजून तिथेच आहे, लेबलावर धूळ बसलीय. ती माझा जुना कंपनीचा खाकी शर्ट घालून जाते. पावसात भिजून येते, टॉवेलनं डोकं पुसते. सायली, आमची मुलगी, तिला ओरडली की प्रतिभा म्हणते, भिजलेली बरी, उकडलेली नको. माझ्याकडे न बघता म्हणते.

माफी? कशी मागायची? मला माहीत होतं हे तिला माहीत आहे, तिला माहीत आहे हे मला माहीत आहे, वर्ष झालं, आता जेवताना मध्येच काय म्हणू, भाजी वाढ आणि ते जॅकेट मी मुद्दाम दिलं होतं? रोज ठरवतो. रोज गिऱ्हाईक येतं, त्याच्यापुढे चष्मा धरून वाफ दाखवतो, एवढ्या तोंडानं एवढं बोलतो. घरी गेलो की बोलायला घेतो आणि म्हणतो, सिलेंडर आला का?

किती वाजले? सहा. साहेब, एक काम कराल? जरा दाराशी उभे राहा. ती ह्या वेळेला मखमलाबादहून परत येते, ह्याच रस्त्यानं, समोरून. दुसरा रस्ता आहे, जवळचा आहे, पण येते ह्याच रस्त्यानं, ते का ते मला कळत नाही आणि विचारायची छाती होत नाही. मी हे सगळं कपाटात ठेवतो, मला घड्या घालायच्या आहेत. खाकी शर्ट, निळी सायकल. अजून नाही? बघत राहा.

आली? एकटीच ना? भिजलीय का?

थांबली? सिग्नलला का? सिग्नल तर पलीकडे आहे साहेब, इथे कुठे सिग्नल.

इकडे बघतेय?

नाही, मी नाही येत दाराशी. हे बघा ना, घडी बसत नाहीये ह्याची. तुम्ही—तुम्ही जा आता. जॅकेट आज नको, दोन्ही नको, पुढच्या वेळी मिसेसना घेऊन या, त्यांचं त्या निवडतील. पैसे खिशात ठेवा. आणि जाताना दार उघडं राहू द्या. सांगितलं ना साहेब, जा तुम्ही.