कोपरा फाटलेलं कार्ड

हसा हवं तर, पण पोस्टकार्ड आलं की मी अजूनही आधी त्याचे कोपरे बघतो. आमच्या झाशीत कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. ग्वाल्हेरचे माझे सासरे माझ्याशी कार्डांवरून बुद्धिबळ खेळायचे. पॅसेंजरनं कार्ड यायचं, एका कार्डावर एक चाल.

एकदा पोस्टमन दारातूनच म्हणाला, "बाबूजी, कोना फटा है."

बायको आतून धावत आली. "माझे बाबा!"

मी पुढे होऊन कार्ड घेतलं. उभ्याउभ्याच वाचलं: "जावईबापू, मात! तुमचा राजा गेला."

पुढच्या वर्षी पुन्हा तसंच कार्ड आलं. मी म्हटलं, "हरलो वाटतं परत!" बायकोही हसली. मग मी अक्षर पाहिलं. ते मेहुण्याचं होतं.