कुंकू लावलेली कानस

भिवाजी लोहाराच्या धाकट्या लेकीचं, कमळाचं, लग्न झालं, त्या सालची गोष्ट. मांडव वैशाखात पडला आणि आषाढात भिवाजीचा धाकटा मुलगा महादू तापानं गेला. मांडवाचे वासे अजून परसात पडून होते, मंडळी!

आता मला सांगा — एखादं काम बिघडलं, तर आपण आधी कुठं बघतो? कामाकडं, की माणसाच्या कपाळाकडं? लगेच बोलू नका! मागच्या खांबाला टेकलेले तर मुळीच बोलू नका, तुम्ही आत्ताच जागे झालात!

तर महादू गेला. मागं राहिली त्याची बायको, सुंद्रा. म्हाताऱ्याची नजर मंदावलेली, घण उचलवेना. थोरला मुलगा म्हणाला, "आबा, ऐरण भंगारात घालू. भात्याच्या जागी किराण्याचं दुकान टाकतो."

सुंद्रा दाराआडून ऐकत होती. ती पुढं आली नि म्हणाली, "मामंजी, मला शिकवा."

काय म्हणाली? मला शिकवा! थोरली जाऊ चंपूबाई तोंडाला पदर लावून हसली. "आता बाया घण मारणार! मग गडी भाकऱ्या थापतील!" — का हो, थापल्या तर काय बिघडतं? हसता कशाला? घरी जाऊन बघा थापून!

भिवाजी थोरल्याला म्हणाले, "दसऱ्याला देवीपुढं कोहळा कापतात ना? यंदा तो हिच्या सुरीनं कापायचा. कापला, तर भाता राहील. नाही कापला, तर घाल तुझं दुकान."

झालं! सुंद्रा शिकायला बसली. म्हाताऱ्यानं पट्टी तापवून, ठोकून सुरीचा आकार दिला. पुढचं काम कानशीचं. कानस म्हणजे काय? बारीक दातांची पोलादी पट्टी, लोखंड झिजवणारी. म्हातारा शेजारी बसून नुसता आवाज ऐकायचा!

"सुंद्रे, ठोकलेल्या पोलादावर काळी खपली असते, ती आधी जुन्या कानशीनं काढ. नव्या कानशीला ती खपली दाखवूसुद्धा नको, दात जातील!"

"जी, मामंजी."

"पुढं ढकलताना दाब दे, मागं घेताना उचल. घासत मागं आणलीस तर दात मोडतात. लेकराच्या अंगावरून हात फिरवून कुणी उलटा ओरबाडतं का?"

संध्याकाळी ती तारेच्या ब्रशानं कानशीच्या दातांतला कीस काढायची. एकेक कानस वेगळ्या फडक्यात गुंडाळायची, एकमेकींवर आपटायला नकोत म्हणून. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. सुरी आकाराला आली. राहिली ती फक्त धारेकडची उतरण.

आणि आली खंडेनवमी! हत्यारांची पूजा. भिवाजी म्हणाले, "यंदा पूजा तू कर. काम तू करतेस, तर मान तुझा." विधवेला पूजा! चंपूबाईचं तोंड एवढंसं झालं.

सुंद्रानं घणाला तेल लावलं, ऐरणीला लावलं, सांडशीला लावलं. मग आल्या कानशी. तिच्या सगळ्यांत लाडक्या त्या! त्यांना तिनं बोटं भरभरून तेल चोळलं. वर हळद. वर कुंकू. वर तांदूळ! देवीसुद्धा म्हणाली असेल, अगं, माझ्यापेक्षा यांचाच थाट जास्त!

दुसऱ्या दिवशी दसरा. पहाटे तिनं सुरी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली, कानस टेकवली, ढकलली —

सुर्रकन घसरली! पोलादाचा कण निघेना. दुसरी घेतली, तीही घसरली. तिनं जोर लावला, तर जेमतेम निघालेला कीस माखलेल्या दातांत अडकला नि त्यानं सुरीच्या अंगावर लांबलचक ओरखडा ओढला. संध्याकाळी कोहळा, आणि सुरी ही अशी!

चंपूबाई दारातच होती. "मी म्हटलं नव्हतं? हिच्या हातचं कुंकू! नवऱ्याला लाभलं नाही, ते हत्याराला काय लाभणार?"

हातातली कानस सुंद्रानं खाली ठेवली. आपटली नाही, ठेवली! आणि तिच्या मनात आलं, खरंच असेल का? माझंच कपाळ असेल का?

मंडळी, लोकांनी म्हटलेलं सोसतं. पण ते आपल्याला पटायला लागलं, की माणूस संपला!

भिवाजी चाचपडत आले. कानशीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग पेटीतून एक कोरी कानस काढली आणि म्हणाले, "थोरल्या सूनबाई, या इकडं. हिला तेल लावा, कुंकू लावा. तुम्ही सवाष्ण, हात भरून चुडा. लावा!"

चंपूबाईनं ऐटीत लावलं.

"आता चालवा."

सुर्रकन! तीही घसरली!

"का हो? आता कुणाचं कपाळ?"

चंपूबाई बांगड्या सारखत उभी राहिली. म्हातारा म्हणाला, "तेलानं कानस घसरते. कुंकवानं दात बुजतात. सवाष्ण बघत नाही ती, विधवा बघत नाही! चूक माझी. पूजा सांगितली, रीत सांगितली नाही. कानशीला तेलाचं बोटसुद्धा लावायचं नाही. फडक्यावर ठेवायची, शेजारी एक फूल. बास! — आणि थोरल्या सूनबाई, बघत काय बसलात? तीन कानशी माखल्यात, पाणी तापवा!"

आणि चंपूबाईनं तापवलं, बरं का! सोड्याच्या गरम पाण्यात कानशी धुतल्या, गंजू नयेत म्हणून भट्टीजवळ खडखडीत वाळवल्या. सुंद्रानं पितळेच्या चपट्या पट्टीनं दातांतला अडकलेला कीस काढला. वरून खडू घासला, म्हणजे पुन्हा कीस चिकटत नाही. टेकवली, ढकलली —

खर्र! खर्र! चांदीसारखा कीस पडला! भिवाजींनी डोळे मिटले नि मान डोलावली, आपण गाण्याला डोलावतो तशी.

ओरखडा निघाला. उतरण झाली. सुरी लाल तापवून तेलात बुडवली. म्हातारा म्हणाला, "आता जुनी, बोथट कानस घे. धारेवर हलकेच फिरव."

फिरवली. सुर्रकन घसरली!

सुंद्राचा चेहरा पडला. म्हातारा मात्र खदखदा हसला. "अगं वेडे, आता घसरायलाच हवी! पोलाद कडक झालं. सकाळी घसरली ती हार, आत्ताची जीत!"

मग सुरी गव्हाळ रंग चढेतो शेकली, म्हणजे धारेचा टवका उडत नाही; बाभळीची मूठ बसवली, दगडावर धार लावली. संध्याकाळी पुजाऱ्यानं ती कोहळ्यावर ठेवली. ठेवली फक्त! कोहळा दोन फाकांत आडवा झाला. थोरला मुलगा घरी जाऊन भात्याचं फाटलेलं चामडं शिवत बसला.

आता तुमचं बघू! उद्या खंडेनवमी. ट्रॅक्टरला हार घालाल, त्याचं ऑइल कधी बदललंत? आईच्या पाया पडाल, तिच्या गुडघ्याचं औषध आणलंत का? आणि बायांनो, हळदीकुंकवाला यंदा कुणाच्या दारावरून पुढं गेलात? तिचं कपाळ बघितलंत, हात बघितले नाहीत! आधी दात बघा, मग दोष द्या!

भिवाजी लोहार त्यानंतर चौथ्या वर्षी, संक्रांतीला गेले. सुंद्राबाई गेली परवाच्या श्रावणात, नागपंचमीला सकाळी. त्या दिवशी गावात कुणी सुरी हातात धरत नाही.