पोटभाडेकरू

भाची : मामी, मामाच्या फायली सांभाळायला दिलेल्या या डब्यात दोन डिस्क लावल्या होत्या मी. एकच दिसतेय.

मामी : दुसरी ना? ती कपाटात आहे. दोऱ्यांच्या खणात, रुमालात गुंडाळून ठेवलीय.

भाची : कपाटात?

मामी : अगं, तूच सांगितलंस ना, दोन्हींवर तोच माल असतो म्हणून! मग दोन्ही एकाच डब्यात कशाला? एक काढून घेतली. उद्या काही झालं तर एक तरी हाताशी.

भाची : चालू असताना काढलीस?

मामी : बंद कसं करायचं ते कुठे शिकवलं होतंस?

भाची : धन्य आहेस! एक गेली तर दुसरीनं सांभाळून घ्यावं म्हणून तर जोडी लावली होती. तू धडधाकट डिस्क उपटून जोडीच मोडलीस.

मामी : म्हणजे गेलं सगळं? खरं सांग हं. भरतकामाच्या चारशे नक्ष्या आहेत यांच्या त्यात. जुना कॉम्प्युटर बसला तेव्हापासून हे या खोलीत पाऊल टाकत नाहीत. ‘यंत्र संपलं, मीही संपलो’ म्हणे. महिना झाला, पुढच्या खोलीत नुसते बसून असतात. माझा जीव तुटतो गं.

भाची : काही गेलेलं नाही. आण ती डिस्क. हं, बसली. बघ, पहिलीवरचं दुसरीवर उतरवायला लागलाय आपणहून.

मामी : न सांगता? असं माणूस आमच्या घरात एकही नाही. आणि हा डबा चालवणारा प्रोग्रॅम फुकट म्हणालीस?

भाची : फुकट, आणि उघडासुद्धा. कुणीही आतलं वाचावं, सुधारावं. कुठकुठले लोक मिळून करतात.

मामी : फुकट ते पौष्टिक! पण नक्ष्या सांभाळल्या तरी उघडायच्या कशात? नवा कॉम्प्युटर यांच्या त्या जुन्या प्रोग्रॅमला दारात उभा करत नाही.

भाची : म्हणून तर आले. याच डब्याच्या पोटात आणखी एक कॉम्प्युटर बनवायचा. खरा नाही, आभासी. एवढी मेमरी तुझी, एवढी जागा तुझी, असं सांगायचं. त्याला वाटतं आपण स्वतंत्र आहोत.

मामी : पोटभाडेकरू! एक खोली घ्यायची आणि घर आपल्या बापाचं असल्यासारखं वावरायचं.

भाची : अगदी तस्सा. मागच्या खेपेला मामाच्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्क उतरवून ठेवलीय ना, ती याला द्यायची. आता नाव सांग.

मामी : ‘म्हातारबा’ लिही. यांना सांगू नकोस.

भाची : म्हातारबा. मेमरी दोन जीबी.

मामी : एवढीशीच? चिक्कू आहेस.

भाची : त्याच्या तरुणपणी तेवढी म्हणजे चैन होती. केला चालू. अं... काळाच पडदा.

मामी : बसला हाही?

भाची : थांब. डिस्क जोडायची पद्धत फार नवी निवडली मी, याला ती ओळखता येत नाहीये. जुनी देते. हं, पुन्हा चालू.

मामी : अगं बाई! तोच फोटो! आपल्या भरतकामाच्या मशीनचा, मी तिरका काढलेला, यांच्या स्क्रीनवर असायचा तो! अहो! अहो, इकडे या! धावत या!

(मामा दारात येऊन उभा राहतो.)

मामा : काय आरडाओरडा? आग लागली की काय?

भाची : मामा, तुझा कॉम्प्युटर.

मामा : तो भंगारात गेला.

भाची : नुसता खोका गेला. आतला बघ, उठून बसलाय.

मामा : सरक. सरक जरा. पडद्यांच्या नक्ष्या... गळ्यांच्या... काठांच्या... अरे, सगळ्या आहेत की! हा वेलीचा काठ! सतरा हजार टाके, पण एक टाका वाया नाही. आणि हा... हा राहू दे.

मामी : का? कॉम्प्युटर बसला म्हणून अर्धा राहिलेला तो हाच ना?

मामा : त्याच्या आधीच राहिला होता. ही रेघ बघ, कशी गेलीय. हात कापतो माझा. चार महिने झाले. कॉम्प्युटर बसला तेव्हा, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. सांगायला निमित्त मिळालं.

मामी : आणि मी बिचाऱ्या यंत्राच्या नावानं बोटं मोडत होते! बायकोला सांगायचं नाही का हो?

भाची : मामा, इकडे बघ. हे बटण दाबलं की म्हातारबा आत्ता जसा आहे तसा जपून ठेवला जातो.

मामा : म्हातारबा कोण?

मामी : कुणी नाही. तुम्ही ऐका.

भाची : मग शंभर रेघा वाकड्या जाऊ देत. एक क्लिक केलं की पुन्हा इथवर मागे.

मामा : शंभर?

भाची : हजार.

मामा : आम्ही शिकलो तेव्हा एक टाका चुकला की कापड वाया, वर उस्तादांचे बोल. चुकायची मुभा कुणी दिलीच नाही कधी... दाब ते बटण. माउस दे इकडे. आणि दोघी बाहेर जा. कुणी बघत असलं की हात जास्त कापतो.

मामी : महिनाभर एकटे बसलात तेवढं पुरे. मी इथून हलणार नाही.

मामा : बरं. डावीकडे बस. उजव्या हाताला जागा लागेल.