ट्रॅकवरचं बाक

नोएडात गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे साकेतशेजारी एक वयस्क जोडपं मराठीत बोलत होतं, इथे कुणाला कळतंय अशा बिनधास्तपणे.

"अहो, नव्या वॉकिंग ट्रॅकवर टेकायला एक बाक नाही. अर्ध्यातच पाय भरून येतात."

"ट्रॅक बांधायच्या आधी मीटिंग घेतली होती की सोसायटीवाल्यांनी, काय हवं ते सांगा म्हणून."

"मी हात वर केलाच होता. तुम्ही खाली ओढलात."

"मला वाटलं, कशाला? आपण पुण्यालाच जाणार."

"वीस वर्षं पुण्यालाच निघालोय आपण."

"आता सांगून बघू?"

"आता? सिमेंट वाळलं."

"चल, नंबर आला. हात दे."

तिने हात वर केला. त्या मीटिंगमध्ये सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून स्टेजवर असलेल्या साकेतने तोच हात वर येताना पाहिला होता, आणि घाईघाईने सगळ्यांचे आभार मानून टाकले होते.