एकबी माणूस मागं न्हाई

हसू नका, पण सांगतो. आमच्या मोसंबी तोडणाऱ्या टोळीचे मुकादम दत्तूमामा. बर्फात हरवलेल्या माणसांचे सिनेमे त्यांना फार आवडतात. एकदा जेवताना मोबाइलवर तसलाच चालू होता.

मी विचारलं, "मामा, सारखा म्होरक्याच दाखवतात. तो लंगडणारा कुठं गेला?"

"आला आसंल मागून. तू म्होरक्याकडं बघ."

त्याच संध्याकाळी मी बागेत झाडांच्या शेवटच्या ओळीत असताना आमची पिकअप सुरू झाली. ओरडायची लाज वाटली आणि गाडी आमच्या गावाला, वडीगोद्रीला निघून गेली. घरी जायला दुसरं काहीच नव्हतं. मी बागमालकाला सांगितलं. त्यांनी स्पीकरवर मामांना फोन लावला.

"सगळे पोचलो मालक. एकबी माणूस मागं न्हाई."

मालकांनी फोन ठेवून मला विचारलं, "मंग तू कोणत्या टोळीचा?"