कनेरगावची गाडी येऊन राहिली

हिंगोलीच्या स्टँडवर नीलांबरीची औंढ्याची गाडी केव्हाची लागली होती. पण मागच्या बाकावरचे आजोबा, आजी आणि त्यांची नात असं काही बोलत होती, की तिचा पाय उचलेना.

"आबा, हळदीचा भाव बघायला माझ्या वेबसाइटवर एकदम इतके लोक येतात, की ती बंदच पडते."

"काहून?"

"प्रत्येकासाठी ती डेटाबेसमध्ये जाऊन तोच भाव पुन्हा शोधते. आता उत्तर मेमरीतच धरून ठेवणार, विचारलं की लगेच द्यायचं. पण आत भाव बदलला आणि बाहेर जुनाच सांगितला गेला, तर?"

"तर लगीन जमतंय."

"आबा!"

"खरं सांगून राहिलो, कोमल. याच स्टँडवर चौकशीवाला दर माणसामागं आत पळून गाडी विचारून यायचा. पळून पळून बिचारा वीतभर बुटका झाला! मंग त्यानं उत्तर डोक्यातच धरलं, 'कनेरगावची गाडी येऊन राहिली.' आत गाडी रद्द झाली, तरी ह्यो तेच सांगून राहिला. मी अन् तुझी आजी, दोघं अनोळखी, दिवस मावळेपर्यंत एका बाकावर. खरं उत्तर मिळालं असतं, तर ही तवाच उठून गेली असती."

"अवो, मला ठावं व्हतं गाडी रद्द झाली ते."

"आँ? तुला कुणी सांगितलं, गोजर?"

"त्या गाडीचा डायवर माझा मामाच. दुपारीच सायकलवर घरी जाताना दिसला."

"मंग बसून काहून राहिलीस?"

"तुमी फुटाणे आणायला गेलते. म्हणलं, येऊ तर द्यावं."