पाण्याचं विरजण

ताई : आता बस. तिसऱ्यांदा टाकीतलं तेच पाणी तपासतोयस. नळीत थेंब टाकून टाकून रंग बदलणार आहे का तो?

धाकटा : बुधवारी जवळजवळ आकाशी होता गं. आज बघ, पार वांग्यासारखा जांभळा. आकाशी म्हणजे पाणी निवळलं. जांभळा म्हणजे आत विष आहे. आज मासे सोडले की उद्या उताणे.

ताई : मग नको सोडूस. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतोस, आणि स्वतः मात्र ना वर ना खाली. येरझारांनी फरशी झिजेल.

धाकटा : लेक उद्या येतेय, ताई. या घरात पहिल्यांदा, तेही तासाभरासाठी. सुट्टीत इथं राहशील का विचारलं, तर काय म्हणाली? आधी तुझे मासे राहू देत, मग माझं बघू.

ताई : दहा वर्षांची पोर, आणि जीभ आईची.

धाकटा : जीभ आईची, पण खोट माझी. जुन्या घरी टाकी आणली त्याच दिवशी मी अकरा मासे सोडले. चार दिवसांत अकराच्या अकरा तिनं चहाच्या गाळणीनं बाहेर काढले. चार वर्षांची होती. रडली नाही. एवढंच विचारलं, बाबा, तुला थांबता येत नाही का? म्हणून या खेपेला थांबलो. वीस दिवस. झाडं लावली. रोज चिमूटभर खाणं टाकलं, नसलेल्या माशांना. ते कुजतं, त्याचं विष होतं, विष खाणारे जिवाणू वाढतात, मग कुठं पाणी राहण्याजोगं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं. बुधवारनंतर मात्र कुठंतरी पाणी मुरतंय.

ताई : चहा ठेवू?

धाकटा : ताई, बुधवारी तू आली होतीस.

ताई : आले होते. घर झाडलं, तुझे शर्ट धुतले.

धाकटा : आणि टाकी?

ताई : टाकीला कशाला हात लावू? त्या फिल्टरमधला स्पंज तेवढा... काळा, बुळबुळीत, हातात धरवेना. लेकरू यायचंय घरात. म्हणून उकळून काढला आणि उन्हात वाळवून परत बसवला. कसा शुभ्र निघाला होता.

धाकटा : उकळलास.

ताई : तीस वर्षं ऑपरेशनची हत्यारं उकळली मी. जंतू मारण्याचाच पगार होता माझा.

धाकटा : ती घाण नव्हती. तेच तर जिवाणू होते. वीस दिवसांचं माझं थांबणं तू पातेल्यात उकळलंस.

ताई : कोणत्या पातेल्यात ते विचारू नकोस.

धाकटा : गाडीची किल्ली कुठाय? दुकान उघडं असेल अजून. सहा मासे आणतो. उद्याचा तास तरी तगतील. ती गेल्यावर मग...

ताई : मग गाळणी तू धरशील. एवढाच फरक.

धाकटा : काय करू मग? रिकामी टाकी दाखवू?

ताई : ऐक. चूक माझी, हवं तेवढं चिडून घे. पण विरजण बिघडलं म्हणून दुधात चुना कालवून कुणी त्याला दही म्हणत नाही. शेजारून चमचाभर मागून आणतात. तुझ्या या जिवाणूंचं विरजण नसतं का कुठं?

धाकटा : असतं. जुन्या, चालत्या टाकीतला स्पंज. धुवायचा नाही, पिळायचा नाही, ओलाच आणायचा.

ताई : आणि अशी टाकी कुणाकडे आहे?

धाकटा : तुला ठाऊक आहे कुणाकडे.

ताई : तुझे अकरा मेल्यावर पोरीची आईच शिकली सगळं. सहा वर्षं चालवतेय.

धाकटा : तिच्याकडे मागू? घर सोडताना 'टाकी तुलाच लखलाभ' म्हणून दार आपटून आलोय मी.

ताई : मग लाभली तिला. तिच्याकडे नको मागूस. लेकीला खरं तेवढं सांग.

(तो फोन लावतो. स्पीकर चालू आहे.)

लेक : बाबा, मासे आणलेस?

धाकटा : नाही. पाणी तयार नाही गं. उद्याही नसेल.

लेक : तू तर म्हणालास, होईल.

धाकटा : तुझ्या आत्यानं स्पंज उकळला.

लेक : काय? आई, आत्यानं स्पंज उकळला म्हणे... बाबा, आई हसतेय. खाली बसून हसतेय.

ताई : हसू दे. तेवढंच पुण्य माझ्या पदरी.

लेक : मग टाकीत काहीच नाही?

धाकटा : झाडं आहेत. आणि झाडांबरोबर आलेली एक गोगलगाय. मुगाएवढी. सकाळपासून काच चढतेय, आता कुठं अर्ध्यावर आलीय.

लेक : तू सकाळपासून बघतोयस?

धाकटा : मधूनमधून.

लेक : आणि आत्ता चालतोयस. चपला वाजतायत.

धाकटा : थांबलो, बघ.

लेक : थांब, आई काहीतरी सांगतेय. म्हणते, आमच्यातला अर्धा स्पंज कापून देते. बरणीत, टाकीच्याच पाण्यात. आणि आत्यानं हात लावायचा नाही.

धाकटा : बरं. तिला... बरं म्हणाला, सांग.

लेक : मग किती दिवस लागतील?

धाकटा : आठवडा. जास्तही लागतील. आता मी दिवस नाही सांगणार.

लेक : हं... बाबा, माझ्यासाठी दात घासायचा ब्रश आहे तिथं, की तोही घेऊन येऊ?